आमिश गोधडीतली 'मुद्दाम केलेली चूक'

हिवाळ्यात अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियाच्या लँकेस्टर काउंटीत जायचं ठरवलंत, की कुणीतरी सांगतंच: आमिश (युरोपातून आलेला, साधेपणाने राहणारा एक ख्रिस्ती पंथ) बायका प्रत्येक क्विल्टमध्ये, म्हणजे गोधडीत, एक चूक मुद्दाम ठेवतात, कारण निर्दोष फक्त देव. ऐकायला गोड, पण याला आधार नाही. जरा विचार करा. मुद्दाम चूक करायची म्हणजे 'एरवी माझं काम बिनचूकच असतं' असं मानणं! नम्रतेला एवढं जपणाऱ्या समाजात हा तर गर्वच ठरेल. चुका होतात त्या आपल्या आजीच्या गोधडीत व्हायच्या तशाच; उजेड कमी पडला, नाहीतर त्या रंगाचं कापड संपलं.

ही कला त्यांनी युरोपातून आणली, हेही खरं नाही. ती अमेरिकेतल्या शेजाऱ्यांकडून उचलली, तीही मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तुकडे बहुधा पायाने चालवायच्या मशीनवर जोडतात. हाताने घालतात तो थरांतून जाणारा बारीक धावदोरा. थंडीत शेतीची कामं कमी, म्हणून गोधडी ताणून बसवलेल्या मोठ्या चौकटीभोवती बायका जमतात त्या याच दिवसांत. रविवारी मात्र त्यांची दुकानं बंद असतात, आणि कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर रोखू नका.