खाद्यातली वनौषधी आणि माशांची लस: दोन्ही प्रतिकारशक्तीसाठी, पण काम निराळं

शेततळ्यात रोहू-कटला पाळणारे शेतकरी हल्ली खाद्यात लसूण, हळद, तुळस, गुळवेल मिसळतात. प्रतिकारशक्ती वाढवणारी म्हणून तयार पाकिटंही दुकानात मिळतात. इथवर ठीक आहे. पण पाकीट सुरू केलं की ‘माशांचं लसीकरण झालं’ असा समज होतो, आणि पुढचं नुकसान या समजातूनच होतं.

माशाचं संरक्षण दोन थरांत चालतं. पहिला थर जन्मजात असतो. अंगावरचा बुळबुळीत चिकट थर, त्यातलं जिवाणूंची भिंत फोडणारं लायसोझाइम आणि रक्तातल्या जंतू गिळणाऱ्या पेशी हे सगळं त्यात येतं. समोर कोणता जंतू आहे याची पहिल्या थराला फारशी फिकीर नसते, परका दिसला की तो तुटून पडतो. दुसरा थर शिकणारा आहे. एखाद्या जंतूशी गाठ पडली की त्याच्याविरुद्ध नेमकी प्रतिपिंडं तयार होतात आणि ती ओळख शरीर जपून ठेवतं.

वनौषधींचा जोर मुख्यतः पहिल्या थरावर असतो. गावात चोऱ्या वाढल्या की गस्तवाल्यांना जागं ठेवतात, तसंच हे. लस मात्र एका ठरावीक चोराचा फोटो दाखवते. त्यामुळे लस दिलेला मासा त्या एका रोगाला जोरदार तोंड देतो, पण दुसरा जंतू आला तर ती लस कामाची नाही. वनौषधीचा आधार अनेक रोगांना थोडा थोडा मिळतो, कोणत्याही एका रोगापासून पक्की हमी मिळत नाही. खाद्य बंद केलं की तो आधारही काही दिवसांत ओसरतो, कारण इथे लक्षात ठेवण्यासारखं काही शिकवलेलंच नसतं.

लशीची ताकद पाहायची तर नॉर्वेकडे बघावं. १९८७ च्या सुमारास तिथल्या सॅमन माशांच्या शेतीत वर्षाला जवळपास ५० टन प्रतिजैविकं वापरली जात होती. जिवाणूजन्य रोगांवरच्या चांगल्या लशी आल्या आणि हा वापर कोसळला. आज उत्पादन कित्येक पटींनी वाढलेलं असूनही तो साधारण एका टनाच्या आत आहे. हे श्रेय लशींचं आहे, ते वनौषधींच्या खात्यावर मांडू नये. तिथे प्रत्येक माशाला गुंगी देऊन पोटात सुई टोचली जाते. टोचल्यावरही संरक्षण लगेच मिळत नाही. पाणी १० अंशांवर असेल तर पुरेशी प्रतिकारशक्ती यायला ४०-५० दिवस जातात, पाणी उबदार असेल तर कमी.

आपल्याकडे तळ्यातल्या रोहू-कटल्याला टोचायला अशी लस सहज मिळत नाही, आणि हजारो बोटुकल्या (बोटभर लांबीची पिल्लं) एकेक करून टोचणं परवडणारही नाही. म्हणून वनौषधींना इथे खरंच मोल आहे, फक्त त्या नीट द्यायला हव्यात. रोहूवरच्या भारतीय प्रयोगांत किलोभर खाद्यात १ ते १० ग्रॅम लसूण ६० दिवस दिला आणि मग माशांना एरोमोनास जिवाणूंची बाधा केली. लसूण खाल्लेले मासे जास्त संख्येने जगले. लसूण आधी दिला आणि बाधा नंतर केली, हा क्रम महत्त्वाचा.

लसूण ठेचल्यावर दहा मिनिटं तसाच ठेवा. त्याचं कामाचं द्रव्य, ॲलिसिन, पाकळीत तयार नसतं. पाकळी फुटल्यावर आतलं विकर (एन्झाइम) मोकळं होतं आणि मग ते बनतं. आधीच शिजवला तर विकर मरतं. गोळी खाद्य तयार करताना उष्णता लागते, म्हणून लसूण तयार गोळीवर चोळावा, वरून थोडं तेल लावून सावलीत सुकवावा आणि त्याच दिवशी घालावा. हळदीलाही तेल हवंच, कारण तिचं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही. मात्रा वाढवत नेऊ नका. उग्र वासाने मासे खाद्य सोडतात, आणि सततच्या माऱ्याने अपेक्षित परिणाम कमीही होऊ शकतो. बदलत्या हवेआधी काही आठवडे द्यावं, मग खंड पाडावा, हे मला जास्त पटतं.

मासे मरायला लागल्यावर मात्र दोन्ही उपाय निकामी. आजारी मासा आधी खाणं टाकतो, मग औषधी खाद्य त्याच्या पोटात जाणार कसं? लशीला तर आठवडे लागतात. अशा वेळी पहाटे पाण्यातला प्राणवायू मोजावा, मेलेले मासे काढून टाकावेत आणि ताजा नमुना मत्स्यरोग तपासणाऱ्यांकडे न्यावा. अंदाजाने प्रतिजैविक ओतू नये.

कोळंबीवाल्यांसाठी हिशोब आणखी वेगळा आहे. कोळंबीत तो दुसरा, प्रतिपिंडं बनवणारा थरच नसतो. त्यामुळे माशांसारखी लस तिला लागू पडत नाही आणि सगळी भिस्त पहिल्या थरावर राहते. ‘कोळंबीची लस’ म्हणून कोणी बाटली पुढे केली, तर आत नेमकं काय आहे ते आधी विचारा.