डेल्टिकचा फोटो रुळांच्या कडेने काढायचाय? ब्रिटनमधली परवानगीची पद्धत

ब्रिटनमध्ये शिकायला-नोकरीला आलेले आपले रेल्वेवेडे हमखास विचारतात, डेल्टिकसारख्या जुन्या रंगातल्या डिझेल इंजिनांचे फोटो काढायला परवानगी लागते का? तुम्ही कुठे उभे राहणार, त्यावर ते ठरतं.

ब्रिटनचं राष्ट्रीय रेल्वेजाळं सांभाळणाऱ्या नेटवर्क रेलच्या फलाटावरून हौसेसाठी फोटो काढायला अर्ज नाही, फी नाही. आल्याबरोबर कर्मचाऱ्यांना सांगायचं. लंडनच्या युस्टनसारख्या मोठ्या स्टेशनवर रिसेप्शनला नोंद करायची. फ्लॅश मारायचा नाही, ड्रायव्हरचे डोळे दिपतात. फलाटाच्या कडेपासून लांब, पिवळ्या रेषेच्या मागेच थांबायचं. आणि चमकदार हाय-व्हिज जॅकेट घालून जाऊ नका, ड्रायव्हरचा गोंधळ होतो. व्यावसायिक कामासाठी मात्र आधी परवानगी हवीच.

हेरिटेज रेल्वेवर, म्हणजे जुनी इंजिनं जपून चालवणाऱ्या मार्गांवर, रुळांच्या कडेने जायचं तर हेच जॅकेट सक्तीचं! किडरमिन्स्टर ते ब्रिजनॉर्थ धावणाऱ्या सेव्हर्न व्हॅलीसारख्या रेल्वेंच्या फलाटावर साधं तिकीट पुरतं. रुळांच्या कडेने, कुंपणाच्या आत उभं राहायचं तर लाइनसाइड पास लागतो. प्रत्येक रेल्वेचे नियम वेगळे, काही जणी पास देतच नाहीत. म्हणून आधी त्यांच्या कार्यालयाला ईमेल करा. साधारणपणे वय 18 पूर्ण हवं आणि ट्रॅक सेफ्टीचं प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हावी लागते. बऱ्याच ठिकाणी त्या रेल्वेच्या संस्थेचं सभासदत्वही मागतात. भरलेला अर्ज, ओळखपत्र, फोटो, प्रशिक्षणाचा दाखला आणि फी एवढी तयारी ठेवा. पासची मुदत पाहून ठेवा, नूतनीकरण विसरलात तर ऐन डिझेल गालाला, म्हणजे डिझेल इंजिनांच्या उत्सवाला, कुंपणाबाहेर राहाल.

पास नसताना रुळांवर पाऊल टाकू नका. राष्ट्रीय मार्गांवर घुसखोरीला 1,000 पौंडांपर्यंत दंड आहे, आणि जिवाची किंमत त्याहून मोठी.

एवढी खटपट कशासाठी, ते डेल्टिक समोर आल्यावर कळतं. 22 बांधली, 6 उरली. सुरुवातीच्या गडद हिरव्या रंगात खाली पोपटी पट्टा असायचा. 1965 नंतरच्या ब्रिटिश रेलच्या (तेव्हाची सरकारी रेल्वे) निळ्यात तोंड पूर्ण पिवळं झालं, रुळांवर काम करणाऱ्यांना इंजिन लांबून दिसावं म्हणून. हे पिवळं तोंड उन्हात पटकन ओव्हरएक्स्पोज होतं, तेव्हा एक्स्पोजर थोडं खाली घ्या आणि सूर्य पाठीशी येईल अशीच जागा निवडा.