दहा आज्ञांचे सार्वजनिक प्रदर्शन (अमेरिका)

बायबलच्या जुन्या करारातील दहा आज्ञा न्यायालयांत, विधिमंडळांच्या आवारांत व सरकारी शाळांच्या वर्गांत शिळेवर कोरून किंवा तक्त्यावर छापून लावण्याची अमेरिकेतील प्रथा व तीवरील वाद. अमेरिका मुळात ख्रिस्ती राष्ट्र असून तिचा कायदा बायबलमधून आला, असे ख्रिस्ती राष्ट्रवादी मानतात; या शिळा व तक्ते हे त्या भूमिकेचे सर्वांत ठळक चिन्ह. वाद आस्तिक-नास्तिकांचा म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात वर्गात आज्ञांचा तक्ता सक्तीचा करणाऱ्या लुइझियानाच्या कायद्याविरुद्धच्या खटल्यात ज्यू, ख्रिस्ती पाळक आणि निधर्मी पालक एकाच बाजूला उभे आहेत. याचे कारण संहितेत सापडते.

संहिता व मोजणी : आज्ञा बायबलच्या दोन पुस्तकांत येतात, ‘निर्गम’ (२०:२–१७) आणि ‘अनुवाद’ (५:६–२१). दोन्ही पाठ सारखे नाहीत. शब्बाथ (सातव्या दिवसाची विश्रांती) पाळण्याचे कारण निर्गमात सृष्टीची निर्मिती हे आहे, तर अनुवादात मिसरमधील दास्य. लोभाच्या आज्ञेत निर्गमात आधी शेजाऱ्याचे घर येते, अनुवादात आधी बायको. विधी व निषेध मोजले तर ते दहाहून अधिक भरतात, आणि ‘दहा वचने’ हा शब्दप्रयोग या दोन्ही उताऱ्यांत नाही. तो निर्गम ३४:२८ तसेच अनुवाद ४:१३ व १०:४ येथे आहे. त्यांतील निर्गम ३४ मधली यादी अगदी वेगळी : सण, प्रथमफळे, आणि करडू त्याच्या आईच्या दुधात न शिजवण्याची आज्ञा. मोशेच्या मूळ दगडी पाट्यांवर हीच यादी असावी, असा तर्क जर्मन कवी गटेने १७७३ मध्ये मांडला आणि पुढे बायबलचा अभ्यासक वेलहाउझेनने तो उचलून धरला. नास्तिक वक्त्यांना हा तर्क प्रिय आहे. मात्र ३४:२८ मधला निर्देश लगतच्या यादीकडेच आहे असे व्याकरणावरून ठामपणे म्हणता येत नाही, आणि आजचे बरेच अभ्यासक या यादीला उत्तरकालीन संकलन मानतात.

दहा हा आकडा जमवण्याच्या रीती मुख्यतः तीन. ज्यू परंपरेत ‘मी तुझा देव परमेश्वर आहे’ हेच पहिले वचन, आणि अन्य देव व मूर्ती यांचा निषेध मिळून दुसरे. ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन व कॅल्व्हिनपंथीय अन्य देवांचा निषेध पहिला आणि मूर्तींचा दुसरा धरतात. ऑगस्टीनला अनुसरणारे कॅथलिक व लूथरपंथीय हे दोन्ही निषेध एकत्र करतात आणि शेवटी लोभाचे दोन भाग पाडून दहा पुरे करतात. त्यातही कॅथलिकांची नववी आज्ञा शेजाऱ्याच्या बायकोविषयी, तर लूथरपंथीयांची घराविषयी. ज्यू मोजणीच सर्वांत जुनी असा समज आहे. परंतु फिलो व जोसीफस हे इ. स. पहिल्या शतकातील ज्यू लेखक वरील तिन्हींपैकी दुसऱ्या (ऑर्थोडॉक्स-कॅल्व्हिन) रीतीने मोजतात. तेव्हा आजची ज्यू मोजणी त्यानंतर स्थिरावली असणे अधिक संभवनीय वाटते. शोमरोनी (ज्यूंशी निगडित एक जुना पंथ) संहितेत दहावी आज्ञा गरिज्जीम डोंगरावर वेदी बांधण्याची आहे. क्रमही पक्का नव्हता : केंब्रिजमधील नॅश पपायरस या हिब्रू हस्तलिखितात (सामान्यतः इ. स. पू. दुसरे शतक) व्यभिचाराचा निषेध हत्येच्या आधी येतो.

शाळेच्या भिंतीवर हा भेद लहान ठरत नाही. १८५९ मध्ये बॉस्टनच्या एलियट शाळेत थॉमस व्हॉल या कॅथलिक मुलाने आज्ञा प्रॉटेस्टंट पाठाप्रमाणे म्हणण्यास नकार दिला. त्याला हातांवर वेताच्या छड्या बसल्या आणि शेकडो कॅथलिक मुलांनी शाळा सोडली. त्या वादात एकही नास्तिक नव्हता.

‘खून’ की ‘हत्या’ : शिळांवर बहुधा किंग जेम्स भाषांतराचा ‘मारू नको’ असा व्यापक पाठ असतो. अनुवाद २०:१६–१७ मध्ये कनानी लोकांचा संहार करण्याची आज्ञा आहे. नास्तिक ती शेजारी ठेवून विसंगती दाखवतात. मूळ हिब्रू धातू ‘रात्साह’ केवळ बेकायदा हत्येचा आहे, असे आस्तिकांचे उत्तर. नवीन इंग्रजी भाषांतरे आणि प्रचलित मराठी बायबल (‘खून करू नको’) याच बाजूची. तरीही गणना ३५ मध्ये हाच धातू नकळत मनुष्यवध करणाऱ्यासाठी वापरला आहे आणि ३५:३० मध्ये साक्षीपुराव्यानंतरच्या देहान्तासाठीही. म्हणून ‘मारणे’ फार सैल, तर ‘खून’ जरा घट्ट. दोन्ही पक्ष आपापल्या सोयीचे टोक धरतात. ‘चोरी करू नको’ ही आज्ञा तर तालमुद या ज्यू धर्मग्रंथात माणूस पळवण्याविषयीची मानली आहे.

शिळा : मिनेसोटातील बाल न्यायालयाचे न्यायाधीश ई. जे. रूगमर यांनी ‘फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ ईगल्स’ या बंधुसंघामार्फत मुलांना वळण लावण्यासाठी आज्ञांच्या प्रती वाटण्यास सुरुवात केली. सेसिल बी. डमिल यांच्या ‘द टेन कमांडमेंट्स’ (१९५६) या चित्रपटाच्या सुमारास ग्रॅनाइटच्या शिळा उभ्या राहू लागल्या. शिळा म्हणजे चित्रपटाची जाहिरात, हे म्हणणे अर्धेच खरे. रूगमर यांचा उपक्रम आधीचा आहे.

कोणत्याही पंथाचा वाटू नये असा पाठ ज्यू, प्रॉटेस्टंट व कॅथलिक प्रतिनिधींनी मिळून ठरवला आणि त्याला क्रमांक दिले नाहीत. परिणामी त्यात मूर्तींचा निषेधही वेगळा राहिला आणि लोभाचेही दोन भाग राहिले. ‘मी तुझा देव परमेश्वर आहे’ ही ओळ सोडली तरी आज्ञा अकरा भरतात! बापाच्या पापाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत करण्याची ओळ (निर्गम २०:५) गाळली आहे, दास-दासी मात्र शेजाऱ्याच्या मालमत्तेत राहिले आहेत. लुइझियानाच्या २०२४ च्या कायद्यात सक्तीचा केलेला पाठ हाच.

दगडात चूक झाली की ती झाकता येत नाही. ओक्लाहोमाच्या विधिमंडळाबाहेर २०१२ मध्ये उभारलेल्या शिळेवर ‘शब्बाथ’ व ‘दासी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची अक्षरे चुकली होती. २०१४ मध्ये एकाने मोटार घालून ती फोडली. नवी शिळा बसली आणि २०१५ मध्ये राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने ती हटवली. आर्कान्सामधील शिळा २०१७ मध्ये बसवल्यावर चोवीस तासांच्या आत तशीच फोडली गेली. २०१८ मध्ये पुन्हा उभारताना भोवती काँक्रीटचे खांब रोवले. अलाबामाचे मुख्य न्यायमूर्ती रॉय मूर यांनी २००१ मध्ये न्यायभवनात सुमारे २,४०० किलो वजनाची शिळा बसवली. ती हटवण्याचा संघीय न्यायालयाचा आदेश न पाळल्याने नोव्हेंबर २००३ मध्ये त्यांचे पद गेले.

फ्लॉरिडातील स्टार्क येथे नास्तिकांनी २०१३ मध्ये आज्ञांच्या शिळेशेजारी ग्रॅनाइटचा बाक बसवला. त्यावर आज्ञाभंगाबद्दल बायबलमध्येच सांगितलेल्या शिक्षा कोरल्या आहेत.

न्यायालयीन निर्णय : केंटकीच्या १९७८ च्या कायद्याने प्रत्येक सरकारी वर्गात १६×२० इंची तक्ता सक्तीचा केला. खर्च देणग्यांतून होणार होता, आणि या आज्ञा पाश्चात्त्य कायद्याचा पाया आहेत अशी टीप खाली बारीक अक्षरांत छापायची होती. सर्वोच्च न्यायालयाने १७ नोव्हेंबर १९८० रोजी स्टोन विरुद्ध ग्रॅहॅम खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी कायदा रद्द केला. शब्बाथ व मूर्ती यांविषयीच्या आज्ञा निखळ धार्मिक आहेत आणि टीप छापल्याने त्या लौकिक होत नाहीत, हा त्याचा आशय.

२७ जून २००५ रोजी एकाच दिवशी दोन उलट निकाल लागले, दोन्ही ५ विरुद्ध ४. टेक्ससच्या विधिमंडळाच्या आवारातील १९६१ ची ईगल्सची शिळा (उंची ६ फूट, रुंदी ३.५ फूट) राहिली. केंटकीच्या दोन काउंटींतील न्यायालयांतले तक्ते गेले. तेथे आधी फक्त आज्ञा होत्या. दावा होताच भोवती धर्मपर वेचे आले आणि तिसऱ्या खेपेला इतर दस्तऐवज समान आकारात लावले गेले. या बदलत्या मांडणीतूनच मूळ हेतू उघडा पडला. दोन्ही बहुमतांत न्या. ब्रायर होते, टेक्ससची शिळा चाळीस वर्षे कोणाच्या तक्रारीविना उभी होती, याला त्यांनी महत्त्व दिले.

२०२२ मध्ये केनेडी विरुद्ध ब्रेमर्टन खटल्यात न्यायालयाने हेतू तपासणारी जुनी कसोटी सोडून ‘इतिहास व परंपरा’ पाहण्याचे ठरवले. स्टोन निर्णय जुन्या कसोटीवर उभा असल्याने नव्या कायद्यांना वाट मिळाली. लुइझियानाचा कायदा (१९ जून २०२४) किमान ११×१४ इंची तक्ता मागतो. टेक्ससचा (२०२५) १६×२० इंची, वर्गात कोठूनही वाचता येईल अशा अक्षरांत. पाचव्या सर्किटच्या (संघीय अपील न्यायालयाच्या) तीन न्यायाधीशांनी २० जून २०२५ रोजी लुइझियानाच्या कायद्यावरील मनाई कायम केली. सर्वोच्च न्यायालय स्वतः स्टोन निर्णय फिरवत नाही तोवर तो बंधनकारक आहे, असे त्यांनी म्हटले. त्यानंतर प्रकरण पूर्ण पीठाकडे गेले.

ऐतिहासिक दावा : इंग्लंडच्या राजा आल्फ्रेडच्या कायदेसंग्रहाचा (नववे शतक अखेर) आरंभ दहा आज्ञांनी होतो आणि मॅसॅच्युसेट्सच्या १६४१ च्या संहितेत देहान्ताच्या गुन्ह्यांना बायबलचे आधार दिले आहेत. ख्रिस्ती राष्ट्रवाद्यांच्या बाजूचे हे भक्कम पुरावे. गंमत अशी, की आल्फ्रेडच्या यादीत मूर्तींची आज्ञा आपल्या जागी नाही. सोन्यारुप्याचे देव करू नका, असे शेवटी येते. पुढील राज्यघटनेत (१७८७) मात्र आज्ञांचा उल्लेख नाही आणि सहाव्या कलमाने पदासाठी धर्माची अट निषिद्ध ठरवली. आज्ञांनुसार स्वतःचे नियमन करण्यावर देशाचे भवितव्य सोपवले आहे, हे जेम्स मॅडिसनचे म्हणून दिले जाणारे वचन लुइझियानाच्या कायद्यातही आहे. मॅडिसनच्या लेखनात ते मिळत नाही. उलट बाजूलाही सावधगिरी हवी. अमेरिकेचे सरकार ‘ख्रिस्ती धर्मावर आधारलेले नाही’ हे उत्तर आफ्रिकेतील त्रिपोलीशी झालेल्या तहाचे (१७९७) अकरावे कलम सिनेटने संमत केलेल्या इंग्रजी पाठात आहे. अरबी प्रतीत त्याजागी वेगळेच पत्र आहे.

महाराष्ट्र : येथे तिन्ही मोजण्या नांदतात. अहमदनगरची अमेरिकन मराठी मिशन कॅल्व्हिन परंपरेची, वसईचे कॅथलिक ऑगस्टीनच्या परंपरेचे, कोकणातील बेने इस्रायल ज्यू परंपरेचे. ‘सहावी आज्ञा’ म्हटले की नगरच्या मंडळीत खून आठवतो, वसईच्या धर्मशिक्षणात व्यभिचार.