साखरेपासून इलेक्ट्रिक गाड्यांपर्यंत: काउंटरव्हेलिंग ड्युटी आली कुठून?

काउंटरव्हेलिंग ड्युटी म्हणजे परदेशी सरकारने सबसिडी दिलेल्या मालावर, त्या सबसिडीची भरपाई म्हणून आयात करताना लावलेली जादा ड्युटी. तिचा विषय निघाला की हल्ली सगळे चीनपासून सुरुवात करतात, पण हे भांडण मुळात बीटच्या साखरेचं. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत टॅक्स लागायचा तो तयार साखरेवर नाही तर कारखान्यात आलेल्या बीटच्या वजनावर, म्हणजे एवढ्या बीटमधून एवढी साखर निघणार असं सरकारने धरूनच ठेवलेलं, आणि साखर बाहेरदेशी पाठवली की त्याच हिशोबाने टॅक्स परत. मग कारखानदारांनी बीटचं वाण सुधारलं, मशिनरी सुधारली आणि धरलेल्यापेक्षा जास्त साखर काढायला लागले, त्यामुळे भरलेल्या टॅक्सपेक्षा हातात परत येणारा पैसाच जास्त! कागदावर परतावा, प्रत्यक्षात एक्सपोर्ट सबसिडी. फ्रान्स, ऑस्ट्रियाही असल्या खेळात होतेच. ब्रिटनमध्ये साखर इतकी स्वस्त झाली की जॅम आणि गोळ्या बनवणाऱ्यांची चांदी झाली, वेस्ट इंडीजचे ऊसवाले मात्र बसले.

अमेरिकेने 1890 मध्ये साखरेपुरती जादा ड्युटी आणली आणि 1897 च्या कायद्यात सगळ्याच मालासाठी तरतूद केली, की तिकडच्या सरकारने जेवढी मदत दिली तेवढी जादा ड्युटी इकडे लावायची. 1899 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातही बीटच्या साखरेवर अशीच ड्युटी आली, नाव इथल्या ऊसवाल्यांचं, पण खरा फायदा मॉरिशसच्या साखरेला हे तेव्हाच लोकांनी बोलून दाखवलं होतं. 1902 मध्ये ब्रुसेल्सला करार होऊन बऱ्याच देशांनी सबसिडी बंद करायचं कबूल केलं, रशिया बाहेर राहिला. रशिया म्हणे आम्ही रोख काही देतच नाही. पण साखर एक्सपोर्ट केली की सर्टिफिकेट मिळायचं आणि ते देशात विकता यायचं, आणि 1903 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हीसुद्धा सबसिडीच.

इथपर्यंत हिशोब सरळ होता, सबसिडी दिसली की ड्युटी ठोका. 1947 च्या गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार करारात अट आली की आपल्या उद्योगाचं खरंच नुकसान होतंय हे आधी दाखवा. पण अमेरिकेचा कायदा जुना म्हणून तिला सूट, ती पुढे 1979 च्या टोकियो राउंडपर्यंत, म्हणजे गॅटच्या वाटाघाटींच्या त्या फेरीपर्यंत, चालली. त्याआधी 1973 मध्ये मिशेलिन या टायर कंपनीचं प्रकरण झालं. कॅनडाने आपल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात कारखाना यावा म्हणून मदत दिली होती, ती एक्सपोर्टला नाही तर मागास भागात रोजगार यावा म्हणून, तरी अमेरिकेने 6.6 टक्के ड्युटी लावलीच. मला हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथून दुसऱ्या देशाचं घरगुती धोरणच चौकशीत यायला लागलं. लाकडाचं तेच: कॅनडात बरीचशी जंगलं प्रांतिक सरकारांची, झाडं तोडायचा दर तेच ठरवतात, आणि तो दर मुद्दाम कमी ठेवलाय ही अमेरिकन सॉमिलवाल्यांची तक्रार 1982 पासून आजतागायत मिटलेली नाही.

1995 मध्ये डब्ल्यूटीओबरोबर (जागतिक व्यापार संघटना) आजचे नियम आले. सरकारचा पैसा किंवा सोडून दिलेला महसूल, त्यातून कंपनीला फायदा, आणि ती मदत सरसकट नसून ठराविक कंपन्यांना किंवा उद्योगांना, हे तिन्ही सिद्ध करावं लागतं. अँटी-डम्पिंगमध्ये, म्हणजे परदेशी कंपनी माल फार स्वस्तात विकते म्हणून लावलेल्या ड्युटीत, मुख्य सवाल कंपनीच्या किमतीवर, इथे मात्र प्रश्नावली थेट परदेशी सरकारच्या टेबलावर जाते, त्यामुळे प्रकरण राजकीय होणारच.

चीन यात उशिरा आला. 1986 मध्ये अमेरिकन कोर्टाने मान्य केलं होतं की जिथे सगळी अर्थव्यवस्थाच सरकार चालवतं तिथे सबसिडी वेगळी कशी काढणार, म्हणून कम्युनिस्ट देशांच्या मालाला ही ड्युटी लागतच नव्हती. 2007 मध्ये चिनी कोटेड (लेप दिलेल्या) पेपरच्या केसमध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने भूमिका बदलली, सबसिडी मोजलीसुद्धा, पण नुकसान तपासणाऱ्या आयोगाने नुकसान नाही म्हटल्यावर ड्युटी लागलीच नाही. दार मात्र उघडलं, आणि 2012 मध्ये कोर्टातली ही जुनी अडचण काढायला अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदाच केला.

2024 च्या ऑक्टोबरात युरोपियन युनियनने चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर पाच वर्षांसाठी ड्युटी लावली, नेहमीच्या 10 टक्के आयात ड्युटीवर वेगळी. बीवायडी या चिनी कंपनीला 17 टक्के, चीनमध्ये बनणाऱ्या टेस्लाला 7.8, आणि चौकशीत सहकार्य केलं नाही असा ठपका बसलेल्या एसएआयसी या चिनी कंपनीला 35.3.