बटण दाबून धरलं की खेळ का अडखळतो?

ब्राउझरसाठी जावास्क्रिप्टमध्ये पहिला खेळ लिहिताना बहुतेक जण एकच करतात: 'कीडाउन' इव्हेंट (बटण दाबल्याची ब्राउझरने दिलेली सूचना) आला की चौकोन 10 पिक्सेल सरकवायचा. मग उजवा बाण दाबून धरला की चौकोन एकदा हलतो, जरासा थांबतो आणि नंतर धक्के खात पळतो. दोष संगणकाच्या वेगाचा नाही. धरलेलं बटण ऑपरेटिंग सिस्टीम पुन्हापुन्हा पाठवते, पण पहिल्या पुनरावृत्तीआधी मुद्दाम थांबते; विंडोजमध्ये हा थांबा पाव ते एक सेकंद ठेवता येतो. टायपिंगला ही सोय उत्तम, खेळाला घातक. शिवाय दुसरं बटण दाबताच पहिल्याची पुनरावृत्ती बंद पडते, म्हणजे पळता पळता उडी मारली की पळणंच थांबतं.

म्हणून इव्हेंटमध्ये काहीही हलवू नका, फक्त नोंद ठेवा. 'कीडाउन'ला बटणाचं नाव एका सेटमध्ये (दाबलेल्या बटणांच्या यादीत) घाला, 'कीअप'ला, म्हणजे बटण सुटल्यावर, काढा. हलवण्याचं काम 'रिक्वेस्टअ‍ॅनिमेशनफ्रेम'वर, म्हणजे स्क्रीनवरच्या प्रत्येक नव्या चित्राआधी (फ्रेमआधी), चालणाऱ्या लूपचं: वेग सेकंदाला 240 पिक्सेल ठरवायचा आणि मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने गुणायचा. 60 हर्ट्झच्या (सेकंदाला 60 फ्रेम दाखवणाऱ्या) स्क्रीनवर फ्रेममागे 4 पिक्सेल होतात, 120 हर्ट्झवर 2. दोन बाण एकत्र दाबले तर तिरका वेग 1.41 पट होतो. तेव्हा दोन्ही दिशांचा वेग 0.707 ने गुणा.

नोंद इव्हेंटमधल्या 'की'ने नव्हे, 'कोड'ने करा. 'की' म्हणजे उमटणारं अक्षर, 'कोड' म्हणजे बटणाची जागा. मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड-आराखडा चालू असेल तर डब्ल्यूच्या बटणावर (पुष्कळ खेळांत बाणांऐवजी डब्ल्यू-ए-एस-डी वापरतात) 'की'मध्ये 'ै' येतो. इंग्रजीतही शिफ्ट मध्येच दाबलं तर छोटा डी नोंदला जातो, सोडताना मोठा डी येतो. छोटा सेटमध्ये तसाच राहतो आणि पात्र थांबतच नाही. ऑल्ट-टॅब करून दुसरीकडे गेल्यावरही असंच होतं, कारण 'कीअप' आपल्याकडे पोचत नाही. 'ब्लर' इव्हेंटला, म्हणजे खेळाची खिडकी सक्रिय राहिली नाही की, सगळा सेट रिकामा करा. बाण आणि स्पेसबारने पान सरकू नये म्हणून 'प्रिव्हेंटडिफॉल्ट' (ब्राउझरची नेहमीची कृती रोखणं) हवं, पण तेवढ्याच बटणांपुरतं. नाहीतर पान पुन्हा लोड करणारं एफ5सुद्धा चालणार नाही.

सापाच्या खेळाला मात्र सेट पुरत नाही. साप 150 मिलिसेकंदांनी एक घर पुढे जातो. तो उजवीकडे जात असताना तेवढ्या वेळात कोणी वर आणि लगेच डावीकडे दाबलं, तर 'वर' पुसलं जातं आणि साप स्वतःच्याच मानेवर आदळतो. खेळाडूची चूक नसते, तरी तो हरतो. इथे दोन वळणांची रांग ठेवा, दर घराला एकच वळण काढा आणि नवं वळण उलट आहे का, हे रांगेतल्या शेवटच्या दिशेशी ताडून पाहा. रांग रिकामी असेल तरच सापाच्या चालू दिशेशी. 'रिपीट' खरं असलेले (धरलेल्या बटणाच्या पुनरावृत्तीचे) इव्हेंट सोडून द्या.

एक अडचण प्रोग्रामच्या हाताबाहेरची आहे. बऱ्याच स्वस्त कीबोर्डवर ठरावीक तीन बटणं एकत्र दाबली तर तिसरं पोचतच नाही, कारण बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेली असतात. शिफ्टची जोडणी बहुधा वेगळी असते, म्हणून धावण्यासाठी ते चालतं. कंट्रोल टाळा; डब्ल्यूसोबत दाबलं गेलं तर टॅबच बंद होतो. एकाच कीबोर्डवर दोघांचा खेळ असेल तर बटणं बदलण्याची सोय पहिल्या आवृत्तीतच द्या.