इंटरनेट रेडिओ: ४४.१ की ४८ किलोहर्ट्झ?

एन्कोडरच्या, म्हणजे ध्वनी आकसून इंटरनेटवर पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्ये सॅम्पल रेटचा रकाना आला की बरेच जण सर्वांत मोठा आकडा निवडून मोकळे होतात. त्याने आवाज सुधारत नाही. सॅम्पल रेट म्हणजे ध्वनिलहरीची सेकंदाला किती वेळा मोजणी होते तो आकडा. त्याच्या निम्म्या हर्ट्झपर्यंतचाच ध्वनी नोंदला जातो. ४४,१०० वेळा मोजलं की मर्यादा २२,०५० हर्ट्झ. तरुण कानाची धाव साधारण २०,००० पर्यंत, आणि एफएम तर १५,००० च्या आसपासच थांबतं. त्यामुळे ९६,००० चा श्रोत्याला काडीचा उपयोग नाही. एमपी३ला तर ४८,००० च्या वरचा रेट चालतच नाही.

४४,१०० हा विचित्र आकडा व्हिडिओ टेपमुळे आला. सुरुवातीला डिजिटल ध्वनी त्याच टेपवर साठवत: चित्राच्या एका ओळीत ३ सॅम्पल (मोजण्या), फील्डमध्ये (अर्ध्या चौकटीत) वापरण्याजोग्या २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड. गुणाकार करून पाहा. सीडीने तोच रेट उचलला, व्हिडिओच्या व्यवसायात मात्र ४८,००० रुळला.

म्हणून गाण्यांचा साठा सीडीवरून घेतलेला असेल आणि प्रक्षेपण एमपी३ किंवा एएसीमध्ये असेल तर ४४,१०० ठेवा. ओपस हा ध्वनी आकसायचा प्रकार वापरणार असाल तर ४८,०००, कारण त्याला ४४,१०० चालतच नाही. आधी रूपांतर करावं लागतं.

खरा घोळ होतो तो साखळीत दोन रेट मिसळल्यावर. ४४,१०० चा ध्वनी ४८,००० समजून वाजवला, तर तासाचा कार्यक्रम ५५ मिनिटांत उरकतो आणि काळी एकमध्ये गाणाऱ्याची पट्टी पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी जाऊन बसते. निवेदकाचा आवाज जरासा कोवळा वाटतो, एवढंच. म्हणून ही चूक कित्येकदा लक्षातही येत नाही. तपासायला १,००० हर्ट्झचा सूर प्रक्षेपित करा आणि दुसऱ्या फोनवर ट्यूनर अ‍ॅप लावा. १,०८८ किंवा ९१९ दिसलं तर रेट कुठेतरी चुकलाय. विंडोजमध्ये साउंड कंट्रोल पॅनेल, रेकॉर्डिंग, प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड असं जाऊन तिथला आकडा एन्कोडरशी जुळवा. मॅकवर हेच काम ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये होतं.

फायली पुन्हा एन्कोड न करता थेट पाठवत असाल तर जास्त जपा. ४४,१०० च्या रांगेत एखादी ४८,००० ची फाइल आली की काही प्लेअर अडखळतात, काही गप्पच होतात. सगळा साठा एकदाच एका रेटवर आणा, तोही मूळ वेव्ह किंवा फ्लॅक फायलींवरून, कारण त्यांत ध्वनी गाळलेला नसतो. एमपी३चं पुन्हा एमपी३ केलं की आवाज आणखी खालावतो.

सॅम्पल रेट कमी करणं कधीकधी शहाणपणाचं असतं. १२८ केबीपीएसला (सेकंदाला १२८ हजार बिट्स) ४४,१०० स्टिरिओ ठीक चालतं. पण ४८ केबीपीएसचा एमपी३ असेल तर तेवढ्या थोड्या बिट्समध्ये सगळं कोंबताना टाळ-झांजा पाण्याखालून वाजल्यासारख्या येतात. गप्पा, बातम्या, प्रवचन यांसाठी मोनो आणि २२,०५० घ्या. ‘स’, ‘श’ यांचा जोर मुख्यतः ४,००० ते ८,००० हर्ट्झमध्ये असतो, तो इथे शाबूत राहतो. फोनसारखं ८,००० वर आणलं तर मर्यादा ४,००० वर येते आणि ‘स’ की ‘फ’ हे कळेनासं होतं.

सगळे आकडे जुळूनही एक दुखणं उरतं. प्रत्येक साउंड कार्डाचं घड्याळ त्याच्या स्फटिकावर चालतं आणि कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत ५० चा फरक म्हणजे दिवसाला ४.३ सेकंद. दिवसभर रेडिओ लावून ठेवणाऱ्या दुकानातलं कार्ड स्टुडिओतल्यापेक्षा जलद असेल, तर बफर (प्लेअरने आधीच उतरवून ठेवलेला ध्वनी) हळूहळू रिकामा होतो आणि नेट धडधाकट असतानाही मधेच खंड पडतो. श्रोत्याच्या बाजूला प्लेअरचा बफर वाढवला की हा खंड पुढे ढकलता येतो. स्टुडिओत माइक एका यूएसबी कार्डावर आणि गाणी दुसऱ्यावर असतील तर हीच तफावत तिथेही येते. दोन्ही एकाच इंटरफेसवर घ्या, म्हणजे घड्याळ एकच राहतं.