‘ग्रेसलँड’चा वाद : पार्श्वभूमी

अमेरिकन गायक-गीतकार पॉल सायमनचा ‘ग्रेसलँड’ हा अल्बम १९८६च्या ऑगस्टमध्ये आला आणि समीक्षकांनी तो लगेच उचलून धरला. न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या वार्षिक कौलात तो पहिला आला, पुढच्या वर्षी ग्रॅमीही मिळालं. वाद पेटला तो चालींवरून नव्हे, त्या ध्वनिमुद्रित कुठे झाल्या यावरून.

सायमनचा १९८३चा अल्बम सपशेल पडला होता. त्यानंतर कुणीतरी दिलेली एक कॅसेट त्याच्या गाडीत सतत वाजत राहिली. जोहान्सबर्गच्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधलं अकॉर्डियनवरचं नाचाचं संगीत. फेब्रुवारी १९८५मध्ये तो आपल्या साउंड इंजिनिअरला घेऊन थेट तिथल्या स्टुडिओत पोचला. वादकांना तासन्‌तास वाजवू दिलं, टेप न्यूयॉर्कला नेल्या, कापल्या, जोडल्या आणि शब्द मागाहून लिहिले. गीतकार म्हणून नाव कमावलेला माणूस आपल्या सिनेसंगीतासारखा चालीवर शब्द बसवत होता! त्यातून काय काय निघालं हे ऐकायचं तर ‘यू कॅन कॉल मी अल’ या गाण्यातला दक्षिण आफ्रिकी वादक बकिथी कुमालोचा बेस गिटारचा छोटा तुकडा ऐकावा. अर्धाच वाजवलेला आहे. उरलेला अर्धा म्हणजे तीच टेप उलटी फिरवलेली.

आता मूळ मुद्दा. डिसेंबर १९८०मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव करून लेखक-कलावंतांना वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवर बहिष्कार घालायला सांगितलं होतं. सायमनचा बचाव असा की, मी तिथे कार्यक्रम केला नाही, गोऱ्यांसाठी राखीव सभागृहात गायलो नाही, फक्त रेकॉर्डिंग केलं. निघण्याआधी एका ज्येष्ठ गायक-कार्यकर्त्याने त्याला सुचवलं होतं की, मुक्तिलढ्याच्या नेत्यांच्या कानावर घालून जा. तो न विचारताच गेला. कलावंताने राजकीय पक्षाची परवानगी का मागावी, असं त्याचं म्हणणं. तिथल्या कृष्णवर्णीय वादकांच्या संघटनेने मात्र त्याला येऊ द्यावं असाच कौल दिला होता आणि त्याने न्यूयॉर्कच्या दराच्या तिप्पट मानधन दिलं. हे मानधन त्याचे चाहते आजही पुढे करतात. पण चोख पैसे देणं वेगळं आणि बहिष्कार पाळणं वेगळं. प्रत्येकाने आपापल्या सोयीने अपवाद ठरवायचा म्हटलं तर बहिष्कारात उरतं काय? आपल्याला हे परकं नाही: भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार १९४६मध्येच तोडला होता आणि १९७४मध्ये टेनिसच्या डेव्हिस करंडकाची अंतिम फेरी गाठूनही दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा सामना सोडून दिला.

दुसरी बाजू लंगडी होती असं नाही. परदेशात निर्वासिताचं जिणं जगत असलेले दक्षिण आफ्रिकेचे गायिका मिरियम मकेबा आणि ट्रम्पेटवादक ह्यू मासेकेला १९८७च्या दौऱ्यात सायमनबरोबर गायले-वाजवले. वर्णभेदाची झळ स्वतः सोसलेल्या या दोघांना हा बहिष्कारभंग वाटला नाही, हे वजनदार आहे. लंडनमध्ये रॉयल अल्बर्ट हॉलबाहेर निदर्शनं झाली, त्यात मात्र ब्रिटिश पॉपमधली नावाजलेली मंडळी होती. शब्दांवरही टीका झाली: घटस्फोट, मुलाबरोबरचा प्रवास, न्यूयॉर्कच्या पार्ट्या, पण वर्णभेदाबद्दल थेट अक्षर नाही. त्यात एका गाण्यात साथ करणारी अमेरिकन गायिका १९८३मध्ये सन सिटी या दक्षिण आफ्रिकेतल्या रिसॉर्टमध्ये गाऊन आलेली. टीकाकारांच्या हाती आयतं कोलीत.

श्रेयाची तक्रार आली ती वेगळ्याच दिशेने. आफ्रिकी सहकाऱ्यांची नावं काही गाण्यांवर सहकर्ते म्हणून छापली गेली. शेवटच्या गाण्यावर वाजवणाऱ्या लॉस अँजेलिसच्या बँडचं म्हणणं की चाल आमची, नाव त्याचं. सायमनने ते मान्य केलं नाही. परक्याचं संगीत उचलण्याची जी चर्चा आज होते, तिला खरं तर हे प्रकरण जास्त जवळचं आहे, पण ते तळटीपेतच राहिलं.

१९९१च्या अखेरीस सांस्कृतिक बहिष्कार उठला आणि जानेवारी १९९२मध्ये सायमन जोहान्सबर्गला जाहीर कार्यक्रमासाठी गेला, या वेळी मंडेलांच्या पक्षाच्या संमतीने. तरीही एका जहाल गटाचा विरोध होताच. आयोजकांच्या कचेरीवर हातबॉम्ब फेकले गेले. २०१२मध्ये अल्बमच्या पंचविशीनिमित्त आलेल्या माहितीपटात सायमन आणि बहिष्कार मोहिमेतला एक प्रमुख कार्यकर्ता समोरासमोर बसले. गळाभेट झाली, परवानगी मागायला हवी होती का, यावर दोघांचं एकमत झालं नाही.